मार्कपासून सुरुवात, रोज बारा ओव्या

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपते, पाळक नव्या वर्षासाठी बायबलमधलं एक वचन देतात, आणि तरुण संघातली कितीतरी मुलं मनाशी ठरवतात की यंदा पूर्ण बायबल वाचायचं. हिशोब सोपा दिसतो. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, रोज तीन-सव्वातीन अध्याय झाले की वर्षात सगळं संपतं. उत्पत्तीचे ५० अध्याय भराभर सरतात. अब्राहाम, याकोब, योसेफ, गोष्टीतून गोष्ट निघत जाते. निर्गमात मोशे आहे, पीडा आहेत, तांबडा समुद्र आहे. रोज तीन अध्यायांच्या चालीने २५ जानेवारीला निर्गमाचा २५वा अध्याय येतो आणि तिथून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. इतके हात लांब, इतके हात रुंद, पडदे, कड्या, खांबांच्या बैठका. त्यातून कसंबसं पुढे गेलं की फेब्रुवारीच्या तोंडावर लेवीय. अर्पणांचे प्रकार, चरबी कुठली जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं. इथे पुस्तक मिटतं ते बहुतेक पुढच्या ३१ डिसेंबरलाच उघडतं.

वाईट याचं वाटतं की त्या मुलाला किंवा मुलीला आपलीच भक्ती कमी पडली असं वाटतं. भक्ती कमी नसते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात आपण नकाशा न देता अख्खा डोंगर दिलेला असतो. लेवीय वाचायचंच, पण ते समजायला आधी शुभवर्तमान आणि नंतर नव्या करारातलं ‘इब्री लोकांस पत्र’ वाचलेलं असावं लागतं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोजची सवय लावायची असेल, तर पहिलं पुस्तक, रोजचा भाग आणि बसायची जागा या तीन गोष्टी मोठ्यांनी मुलांबरोबर बसून ठरवायला हव्यात. ‘रोज बायबल वाचत जा’ एवढं सांगून भागत नाही.

पहिलं पुस्तक मार्क. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत लहान, १६ अध्याय, सुमारे पावणेसातशे ओव्या, म्हणजे आकडे घातलेली वचनं. मत्तयसारखी सुरुवातीला वंशावळ नाही, लांब प्रवचनं थोडी आहेत, घटना एकामागून एक धावत येतात. रोज साधारण बारा ओव्या घेतल्या तर सत्तावन्न-अठ्ठावन्न बैठकांत पुस्तक पूर्ण होतं. आठवड्याला सहा दिवस धरले तर साडेनऊ-दहा आठवडे. पहिला आठवडा असा लावता येतो:

सोमवार: १:१–१३, योहान, बाप्तिस्मा, अरण्य
मंगळवार: १:१४–२०, समुद्राकाठचे कोळी
बुधवार: १:२१–३४, कफर्णहूमचा एक दिवस
गुरुवार: १:३५–४५, पहाटेची प्रार्थना आणि कुष्ठरोगी
शुक्रवार: २:१–१२, छतातून सोडलेला माणूस
शनिवार: २:१३–२२, लेवी आणि उपासाचा प्रश्न
रविवार: नवीन काही नाही, आठवड्याची वही परत वाचायची

भाग सारखे नाहीत हे दिसेलच, आणि ते तसेच हवेत. बारा हा आकडा सरासरीचा. गोष्ट जिथे थांबते तिथे थांबायचं, आकड्यावर नाही. अध्याय मध्ययुगात पाडले गेले, आणि नव्या कराराला आजचे ओव्यांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने घातले. लिहिणाऱ्याने ते घातलेले नाहीत. दुसऱ्या आठवड्याचा पहिला भाग म्हणूनच २:२३ ते ३:६ असा अध्याय ओलांडून जातो, कारण शब्बाथावरून, म्हणजे विसाव्याच्या दिवसावरून, झालेले दोन वाद एकाला एक जोडलेले आहेत. मुलांना हे एकदा सांगितलं की ती स्वतःच गोष्टीच्या कडा शोधायला लागतात. अभ्यासाची पहिली पायरी तीच.

आता जागा आणि वेळ. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, सकाळी सहाला नळाला पाणी येतं, साडेसहाला क्लास असतो. अशा घरात ‘पहाटे एकांतात बस’ हा सल्ला पाळता येत नाही. वेळ घड्याळाला न बांधता आधीपासून रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. दात घासून झाले की चहाच्या आधी. शाळेचा गणवेश बदलला की लगेच. रात्रीची भांडी आवरली की. ‘संध्याकाळी केव्हातरी’ ठरवलं तर ते होत नाही, हे जवळजवळ खात्रीने सांगता येतं. जागा म्हणजे जिना, गच्ची, गॅलरीतलं एक स्टूल, नाहीतर पलंगाचा भिंतीकडचा कोपरा, काहीही चालेल. मात्र जागा रोज तीच हवी आणि बायबल, वही, पेन्सिल तिथेच ठेवलेली हवी. पेन शोधण्यात गेलेली तीन मिनिटं सवय मोडायला पुरतात.

मोबाइलचं स्पष्टच बोलू. बायबलची अ‍ॅप्स चांगली आहेत, मराठीत आहेत, ऐकायचीही सोय आहे. पण अभ्यासासाठी छापील प्रत घ्या. स्क्रीनवर बारा ओव्या वाचेपर्यंत तीन मेसेज येतात, आणि आपण कुठल्या पानावर कुठे आहोत ही जाणीव तयार होत नाही. मोबाइलशिवाय पर्याय नसेल तर आधी विमान मोड, मगच अ‍ॅप. सलग किती दिवस वाचलं हे मोजणारी अ‍ॅपमधली साखळी तर तरुणांसाठी मी बंदच ठेवायला सांगेन. चाळीस दिवसांची साखळी तुटली की मूल ‘आता काय उपयोग’ म्हणून सगळंच सोडतं, आणि साखळी टिकावी म्हणून रात्री बारा वाजता डोळे मिटत एक ओवी उघडण्याला अभ्यास म्हणता येत नाही.

पंधरा मिनिटं पुरतात. पहिलं मिनिट प्रार्थनेचं, तीही साधी: प्रभू, आज मला हे समजू दे. पुढची चार मिनिटं वाचन, दोनदा. एकदा मनात, एकदा ओठ हलवून. मराठी बायबलची वाक्यं लांब असतात. मनात वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरतो, तोंडाने वाचलं की कर्ता कोण आणि क्रियापद कुठलं ते आपोआप लागतं. नंतरची सात मिनिटं वहीची. उरलेल्या तीन मिनिटांत जे लिहिलं तेच प्रार्थना म्हणून बोलायचं.

वही शंभर पानी पुरे, रोज एक पान. वर तारीख आणि संदर्भ. मग काय घडलं ते आपल्या शब्दांत दोन ओळींत. मग एक ओवी जशीच्या तशी हाताने उतरवायची. मग येशूबद्दल किंवा देवाबद्दल इथे काय दिसलं ते. मग एक प्रश्न, आणि हा प्रश्न सक्तीचा. शेवटी ‘आज’ असं लिहून त्यापुढे एकच ओळ.

शुक्रवारचा भाग घेऊन बघू. मार्क २:१–१२. येशू कफर्णहूमात घरी आहे, दारापाशीसुद्धा उभं राहायला जागा नाही. चौघे एका पक्षघाती माणसाला घेऊन येतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उकरून त्याची बाज खाली सोडतात. सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्या मुलाला इथेच अडायला होतं: छप्पर उकरलं कसं? नगर जिल्ह्यातली किंवा मराठवाड्यातली आजी हे एका वाक्यात सांगेल, कारण तिने धाब्याचं घर पाहिलेलं असतं. लाकडी तुळया, वर काटक्या, त्यावर मातीचा थर, आणि वर जायला बाहेरून जिना किंवा शिडी. गालीलातली घरंही साधारण अशीच सपाट मातीच्या छताची असत. उकरता येतं, आणि नंतर लिंपताही येतं.

हे कळलं की मूल पुन्हा मजकुराकडे वळतं आणि खरे प्रश्न सुरू होतात. माणूस चालायला यावं म्हणून आणला, मग येशू आधी पापांची क्षमा का बोलला? ‘त्यांचा विश्वास पाहून’ म्हटलंय, म्हणजे कोणाचा? त्या चौघांचा की त्याचाही? शास्त्री मनातल्या मनात जे म्हणतात की देवाखेरीज पापांची क्षमा कोण करू शकतो, ते चूक आहे की बरोबर? या शेवटच्या प्रश्नाशी मुलं थबकतात. शास्त्र्यांचं वाक्य बरोबरच आहे. येशू ते वाक्य खोडत नाही. तो त्या माणसाला उठवतो आणि आपल्याला तो अधिकार आहे असं दाखवतो. हे मुलाला स्वतः दिसलं की ते वर्षानुवर्षं राहतं. आपण फळ्यावर लिहून दिलं तर पुढच्या रविवारपर्यंत.

‘आज’ या ओळीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. मुलं लिहितात: मी देवावर अधिक विश्वास ठेवीन. असं वाक्य रोज लिहिता येतं आणि एकदाही करावं लागत नाही. ओळ अशी हवी की रात्री झोपताना ती झाली की नाही ते सांगता यावं. उदाहरणार्थ, चौघांनी एकाला उचलून आणलं. माझ्या वर्गातली एक जण चार दिवस आलेली नाही, आज तिला फोन करून वही हवी का विचारते. काही दिवशी अशी ओळ सुचणारच नाही. जागा रिकामी सोडावी. ओढूनताणून लिहायची सवय लागली की वही गृहपाठाची होते.

भाषेची अडचण मोठी आहे आणि मंडळीत तिच्याबद्दल कमी बोललं जातं. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बायबल वाचतात तेव्हा प्रत्येक ओवीत एक शब्द अडतो. आणि अडलेल्या शब्दापेक्षा चुकीचा समजलेला शब्द जास्त घातक. परूशी म्हणजे पारशी नव्हेत, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुद्यांचा एक पंथ. शास्त्री हे आडनाव नाही, तो नियमशास्त्राचा जाणकार. दुर्भाषण म्हणजे शिवीगाळ नाही, देवाची निंदा. जकातदार हा नुसता कर गोळा करणारा नव्हता, परक्या सत्तेच्या वतीने आपल्याच लोकांकडून पैसे काढणारा होता. म्हणून तर लेवी या जकातदाराच्या पंगतीला येशू बसला याचा इतका गवगवा झाला. वहीच्या शेवटच्या चार पानांवर असे शब्द आणि त्यांचे अर्थ लिहीत जायचे. मार्क संपेपर्यंत पन्नास-साठ शब्द जमतात आणि पुढचं पुस्तक पुष्कळ हलकं जातं.

वाचायला जुनं भाषांतर आणि अडलं तिथे सोपं भाषांतर किंवा इंग्रजी, अशी जोडी चांगली चालते. ज्यांना देवनागरी सावकाश वाचता येते त्यांनी मराठी ध्वनिमुद्रण लावून छापील ओळीवर बोट फिरवत जावं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही याचा उपयोग होतो. सोपं भाषांतर वापरणं म्हणजे श्रद्धेत कमी पडणं, असं कोणी म्हणत असेल तर त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावी. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ साली निधन होईपर्यंत शेवटची वर्षं त्यांनी त्या कामाला दिली.

कॅथलिक घरांतल्या मुलांची एक सोय आधीच झालेली असते. रोजच्या मिस्साची वाचनं ठरलेली असतात, त्यामुळे त्या दिवसाचं शुभवर्तमान हाच रोजचा भाग घेता येतो. वसईपासून गोव्यापर्यंत घरात रात्री रोझरी होते तिथे तिच्या आधीची पंधरा मिनिटं उत्तम. वहीची पद्धत तीच.

आता वचनांच्या कार्डांबद्दल. आपल्या घराघरांत वचनांची पेटी असते, फ्रिजवर वर्षाचं वचन चिकटवलेलं असतं, आणि त्यातून कितीजणांना धीर मिळतो हे मी नाकारत नाही. पण रोज डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आजची समजायची, ही सवय तरुणांना लागू देऊ नका. दहावीच्या मुलाच्या टेबलावर हमखास दोन ओव्या असतात. एक फिलिप्पै ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. ती ओवी ११ आणि १२ बरोबर वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे आणि म्हणतोय की भरलेलं पोट आणि उपाशी पोट, दोन्हींत समाधानी राहायला मी शिकलो आहे. ही ओवी गुणांची हमी देत नाही. गुण आले नाहीत तरी उभं राहता येतं असं ती सांगते, आणि निकालाच्या दिवशी तिची खरी गरज लागते. दुसरी यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत. तिच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षं म्हटलेली आहेत. बाबेलात (बॅबिलॉनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना ते पत्र आहे: तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण परतीचा दिवस पाहणारच नव्हते. एवढं कळल्यावर ते आश्वासन लहान होत नाही, उलट जड होतं. मुलांना एक नियम द्यावा: कार्डावरची कुठलीही ओवी आवडली की तिच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्या वाचल्याशिवाय ती भिंतीवर लावायची नाही.

दिवस चुकणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट आपसूक व्हायला लागणारा काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एक मार्क संपता संपता काहींची सवय बसलेली असेल, काहींना पुढची दोन-तीन पुस्तकं लागतील, आणि दोन्ही ठीक आहे. चुकलेला भाग भरून काढायला जाऊ नये. चार दिवस राहिले म्हणून पाचव्या दिवशी साठ ओव्या वाचणारं मूल सहाव्या दिवशी बसत नाही. जिथे थांबलो तिथून, आजचा भाग, एवढंच. म्हणूनच वहीत आधीपासून तारखा छापून ठेवू नयेत. वाचलं त्या दिवशी तारीख घालावी. रिकाम्या तारखा टोचतात.

आईवडिलांना हात जोडून दोन विनंत्या आहेत. वही तपासू नका. तिथे मूल देवाशी बोलतंय, आणि कधीतरी तुमच्याबद्दलही बोलत असेल. आणि मोबाइल जास्त वापरला म्हणून शिक्षा म्हणून अध्याय वाचायला लावू नका. त्या एका संध्याकाळची किंमत पुढे कित्येक वर्षं मोजावी लागते. तुम्ही स्वतः वाचताना दिसलात तर सांगण्याची गरज बरीच कमी होते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी किंवा तरुण संघाच्या ताईदादांनी आठवड्यातून एकदा, उपासनेनंतर दहा मिनिटं, तिघा-चौघांना घेऊन बसावं. ‘किती दिवस वाचलंस?’ हा प्रश्न विचारू नये, त्याने खोटं बोलायला शिकवलं जातं. विचारावं, ‘या आठवड्यात काय कळलं नाही?’ आणि मग जे येईल त्याला तयार राहावं, कारण मार्क सोपा असला तरी गुळगुळीत नाही. पाचव्या अध्यायात दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात. त्यांच्या मालकांचं काय? सातव्यात एक परकी आई लेकीसाठी विनवते आणि येशू कुत्र्यांचा दाखला देतो. अकराव्यात हंगाम नसताना अंजिराच्या झाडाला शाप. अंजिराचं उत्तर निदान मांडणीतून सापडतं: शाप, मग मंदिरातून व्यापाऱ्यांची हकालपट्टी, मग वाळलेलं झाड, असं मार्कने मंदिराला मधे ठेवलंय. पानं भरपूर, फळ नाही, हे झाडाबद्दल जितकं तितकंच मंदिराबद्दल. सोळाव्यात ९ ते २० या ओव्या कंसात का आहेत किंवा खाली टीप का आहे, तेही विचारलं जाईल. सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत त्या नाहीत, हे सरळ सांगावं. मुलांनी हे इंटरनेटवर कोणाच्या खिजवणाऱ्या व्हिडिओत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा मंडळीत ऐकलेलं बरं. डुकरांच्या मालकांबद्दल मात्र मजकूर काही सांगत नाही. तेव्हा ‘मलाही माहीत नाही, पुढच्या रविवारी पाळकांना विचारू’ हे उत्तर द्यायला शिक्षकाने घाबरू नये. ‘असे प्रश्न विचारायचे नसतात’ या एका वाक्याने वही कायमची बंद होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात. तेव्हा वही बाजूला ठेवावी आणि रोज स्तोत्रसंहितेतलं एक छोटं स्तोत्र, पाच मिनिटं, तीच जागा. २३, २७, १२१, १३१ अशी. ११७वं तर दोनच ओव्यांचं आहे. जागा आणि वेळ सांभाळली की एप्रिलमध्ये वही परत सुरू करायला त्रास होत नाही.

मार्क झाल्यावर लगेच दुसरं शुभवर्तमान घेऊ नये, थोडा पालट हवा. फिलिप्पै, चार अध्याय. मग याकोब, पाच. मग जुन्या करारात पहिलं पाऊल रूथने टाकावं, तेही चारच अध्याय, ८५ ओव्या, एका आठवड्यात आरामात होतं. तिथे दुसऱ्या अध्यायात रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. शहरातल्या मुलाला सरवा हा शब्द शब्दकोशात शोधावा लागतो. त्याने तो आधी आजीला विचारावा. कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं कोण वेचायचं, कोणाच्या शेतात कोण जाऊ द्यायचं आणि कोण हाकलायचं, हे तिला ठाऊक असतं. तिचं ऐकून झालं की मग लेवीय १९:९–१० उघडायचं. फेब्रुवारीत ज्या पुस्तकाशी वाचन अडलं होतं, त्यातच ही आज्ञा आहे: शेताच्या कडा कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या.